चिखल कुणाच्या जमिनीवरचा?

पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पिरंगुट-पौडच्या दिशेने गाड्यांची एक रांग निघते. थार, जुन्या जिप्सी, एखादी गुरखा, अलीकडे जिम्नीही. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला माणूस, सर्वांत मागे दोर, शॅकल आणि रुतलेल्या गाड्या काढण्याचा अनुभव बाळगणारा, मधे नवखे. वॉकीटॉकीवर हजेरी होते, वाटेत मिसळ होते आणि डांबर संपलं की सगळे खाली उतरून चाकांशी उकिडवे बसतात. हवा कमी करायची असते. डांबरी रस्त्यावर तीस-बत्तीस पीएसआय हवा लागणारा टायर अठरा-वीसवर आणला की तो जमिनीवर पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक मातीत घुसत नाही. मग चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा फोर-लोचा दांडा पडतो आणि चालण्याच्या वेगाने दिवस सुरू होतो.

ओढ्याशी आल्यावर कुणी एकदम गाडी घालत नाही. आधी एक जण काठी घेऊन पाण्यातून चालत जातो, तळाशी दगड आहे की गाळ ते चाचपतो आणि पलीकडच्या काठावरून हाताने खुणा करतो. ‘डावीकडे घे दादा. आणखी थोडं. बस, आता सरळ.’ रुतलेली गाडी काढायचेही नियम आहेत. तिला ओढायला ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा लागतो. तो सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या हुकातच अडकवायचा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. ताण येऊन तो गोळा तुटला तर थेट गाडीची काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात असे बळी गेले आहेत. पट्ट्यावर जाड गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटला तरी त्याची उसळी कमी होते. बघ्यांनी लांब उभं राहायचं. चांगल्या ऑफ-रोड क्लबात हे पहिल्याच फेरीत शिकवलं जातं आणि न ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी निरोप जात नाही.

क्लबांची ही शिस्त खरी आहे. तरीही त्यांच्या पावसाळी फेऱ्यांना आज आहे तशी मोकळीक राहू देणं चूक आहे, आणि सरसकट बंदी घालणं त्याहून मोठी चूक.

महाराष्ट्राला चिखलातली गाडी नवी नाही. १९४५ साली सुरू झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या कंपनीतले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं आणि मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी होऊ लागली. पुढची कित्येक दशकं जीप म्हणजे प्रांतसाहेबांची, फॉरेस्टवाल्यांची, निवडणुकीची. घाटमाथ्यावर आणि कोकणात ती वडापची झाली. दहा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर तांदळाची पोती घेऊन लाल मातीच्या चढावर जीप काढणारे चालक कुठल्या क्लबात शिकले नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता.

छंद म्हणून चिखल शोधायला जाणं नंतरचं. २०१० साली महिंद्राची थार आली, ती शेतावरच्या जीपचीच धाकटी बहीण होती. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या थारने मात्र टचस्क्रीन आणि पक्कं छप्पर देऊन शहरातल्या कुटुंबाला जीपमध्ये बसवलं. नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या गाडीसाठी लोक महिनोन्महिने थांबले. मग जानेवारी २०२३ मध्ये दहा लाखांच्या आतली थार बाजारात आली. दिसायला तीच, पण जोर फक्त मागच्या दोन चाकांना. रस्त्यावर चालवायला उत्तम गाडी. चिखलात मात्र तिची अवस्था लंगोट कसून आलेल्या, पण तालमीत कधी पाऊल न टाकलेल्या पैलवानासारखी होते. समोरचा चिखल आणि आपली गाडी यांचा मेळ बसतो की नाही, हे ओळखणारे चालक वाढले नाहीत, गाड्या वाढल्या. या अंतरात बरेच अपघात आणि बरेच व्हिडिओ जन्माला येतात.

अशा व्हिडिओंची यादी आता लांबलचक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलात लाहौलला वाहतूक तुंबली म्हणून एकाने थार थेट चंद्रा नदीत घातली. पोलिसांनी साडेतीन हजारांचं चलान फाडलं. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात घालून अडकवणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. यांतल्या कुणाच्याही मागे शेवटच्या गाडीत दोर घेऊन बसलेला माणूस नव्हता. ‘हे ऑफ-रोडवाले’ म्हणून शिव्या पडतात त्या मात्र क्लबांनाही. क्लबवाले यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. अडचण अशी, की चिडून झाल्यावर ते ‘आम्ही जबाबदार आहोत’ एवढंच म्हणून थांबतात. मातीच्या बाजूने पाहिलं तर एवढं पुरत नाही.

ताम्हिणी घाटाचं उदाहरण घ्या. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. इतकं पाणी प्यायलेली डोंगरउतारावरची माती दाब सोसत नाही. चाकाखाली ती दबते, तिच्यातली हवेची आणि पाण्याची भोकं बुजतात आणि वरून येणारं पाणी मुरायचं सोडून चाकोरीतून धावतं. पुढच्या पावसात ती चाकोरी ओहोळ होते. नंतर येणारी गाडी खोल चाकोरी टाळून शेजारच्या गवतावरून जाते. दोन हंगामांत एका गाडीवाटेच्या तीन वाटा झालेल्या दिसतात. सुमारे पावणेदोन टनांची एक गाडी सावकाश, चाक न घसरवता गेली तर फार बिघडत नाही. तशाच पंधरा गाड्या एकामागून एक गेल्या, आणि त्यांतल्या चौघांनी हौसेपोटी अ‍ॅक्सिलरेटर दाबून चिखल उडवला, की वाट संपते.

आणि ती वाट बहुतेक वेळा कुणाची तरी असते. शहरातून आलेल्याला जी ‘ट्रेल’ वाटते ती गावाची पाणंद असते. तिच्यावरून भाताची रोपं जातात, खताची पोती जातात, दूध डेअरीवर जातं, अडलेली बाळंतीण दवाखान्यात नेली जाते. या पाणंदी सुधारण्यासाठी सरकार योजना आखतं, मुरूम टाकतं, मोजणी करतं. रविवारच्या ताफ्याने उखडलेली पाणंद सोमवारी दुरुस्त करायला कुणी येत नाही. गावकरी तोंडावर फारसं बोलत नाहीत, उलट ट्रॅक्टर आणून रुतलेली गाडी काढून देतात आणि दोन-तीन हजार घेतात. ताफ्यातल्या काहींना ते पैसे हीच भरपाई वाटते. पाणंद उखडते सगळ्या गावाची, पैसे मिळतात एका ट्रॅक्टरवाल्याला.

सड्यावर हे नुकसान वेगळ्याच प्रतीचं होतं. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची पठारं वरून उघडीबोडकी दिसतात. उन्हाळ्यात तिथे गाडी फिरवली तर काही मोडेल असं वाटत नाही. पावसात त्याच कातळावर बोटभर जाडीच्या मातीत तेरडे, सीतेची आसवं, कीटक खाणाऱ्या दवबिंदूच्या वनस्पती उगवतात आणि दोन-तीन महिन्यांत आपलं आयुष्य उरकतात. कासच्या पठारावर साडेआठशेहून अधिक प्रजातींच्या फुलझाडांची नोंद आहे आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आहे. आंबोलीच्या सड्यांवर राहणारा एक छोटासा भेक पहिल्या पावसानंतर उथळ, थोड्या दिवसांच्या डबक्यांत अंडी घालतो. त्याच्या जातीचं नीट वर्णन २००९ मध्ये झालं आणि तो आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. टायरला जे डबकं गंमत वाटतं, तेच या भेकाचं बाळंतघर असतं.

यावर क्लबांतल्या अभ्यासू मंडळींकडून एक प्रतिवाद ऐकू येतो आणि तो टाकाऊ नाही. युरोपात पिवळ्या पोटाचा एक भेक रणगाड्यांच्या आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. काही ठिकाणी त्या चाकोऱ्या बुजल्या म्हणून त्याची संख्या घटली. म्हणजे चाकोरी नेहमीच वाईट असते असं नाही. पण चाकोरीत अंडी पडल्यावर पुढच्या रविवारी त्याच चाकोरीतून पुन्हा ताफा गेला तर? कधी जायचं आणि कधी थांबायचं, हे तिथे कुणीतरी बघतं. आपल्याकडे हे काम कुणाचंच नाही.

चिखल गाडीबरोबर घरी येतो आणि पुढच्या डोंगरावरही जातो, याचा विचार तर फारच कमी होतो. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. आज ते देशभर आहे. त्याचं बी बारीक असतं, टायरच्या खाचेतल्या मातीत आरामात बसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये याच गवताने जेरीस आणल्यावर गाड्या धुण्यासाठी रस्त्यांच्या कडेला सार्वजनिक जागा केल्या गेल्या. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत झाडांची मुळं कुजवणारा बुरशीसारखा एक सूक्ष्मजीव मातीतून पसरतो, म्हणून काही भागांत शिरण्यापूर्वी चाकं स्वच्छ करावी लागतात, काही भागांत गाडीला मज्जावच आहे. आपल्याकडे चिखलाने माखलेली गाडी तशीच शहरात आणणं ही मिरवायची गोष्ट झाली आहे. आठवडाभर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशीच उभी असते.

कायदा नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. राखीव वनात बेकायदा शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, अभयारण्यात परवान्याशिवाय जाणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. ताम्हिणीचा काही भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. प्रश्न जमिनीवरचा आहे. राखीव वन, खासगी वन, मालकीचं रान, देवस्थानची जमीन यांच्या हद्दी सातबाऱ्यात आणि नकाशात असतात. धुक्यात, एका वळणावर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. वनरक्षक एक, त्याच्याकडचं बीट मोठं आणि पावसात त्याची मोटारसायकल वर चढत नाही. मग कुणीतरी अडकतो, व्हिडिओ पसरतो आणि दंड होतो.

दंडाच्या पुढची पायरी बंदीची. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या वर एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. जीव गेले होते, आदेश काढणं भागच होतं. पण असे आदेश शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालतात, नाक्यावर पोलीस उभा असेपर्यंत चालतात. चारचाकी जोर असलेली गाडी तर नाका नसलेल्या वाटेसाठीच घेतलेली असते. बंदीने शिस्तीचे क्लब घरी बसतात आणि बेशिस्त माणसं आडवाटेने जातात. केरळात इडुक्की जिल्ह्याने परवानगी नसलेल्या जागी ऑफ-रोडला मनाई केल्यावरही २०२२ मध्ये वागमोणच्या एका चहामळ्यात असा कार्यक्रम झाला आणि त्यात भाग घेतलेल्या एका नामवंत अभिनेत्याला दंड भरावा लागला.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव इथे उपयोगी आहे. मेलबर्नच्या ईशान्येला टुलांगीसारखी डोंगराळ जंगलं आहेत, उंचच उंच निलगिरी, ओली माती आणि लाकूडतोडीच्या काळातल्या गाडीवाटा. एका दिवसात जाऊन येण्यासारखं अंतर असल्याने क्लबांचे ताफे तिथे नेहमीच जातात. पण राज्यातल्या सरकारी जंगलांतल्या आणि उद्यानांतल्या अनेक कच्च्या वाटा दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत फाटकं लावून बंद केल्या जातात. कोणती वाट कधी बंद, हे आधीच जाहीर असतं. तिथल्या हिवाळ्यात माती ओली असते आणि ओल्या मातीवर चाकं फिरवली की वाट वाहून जाते, एवढंच साधं कारण. क्लबांचा महासंघ सरकारी खात्यांशी करार करून काम करतो: पडलेली झाडं बाजूला करणं, पाट्या लावणं, वाटा दुरुस्त करणं. बदल्यात कोणत्या वाटा उघड्या राहतील या चर्चेत त्यांना खुर्ची मिळते.

त्यांच्या बंद महिन्यांकडे नीट पाहिलं तर मराठी वाचकाच्या लक्षात येईल, की ते आपल्या पावसाळ्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. फरक एवढाच की तिथल्या क्लबाला उरलेले साडेसात महिने मिळाले तरी चालतात. आपल्याकडच्या क्लबाचा हंगामच पावसाळा. जानेवारीत सह्याद्रीत धूळ असते, चिखल नसतो. हंगामी बंदीची कल्पना मांडली की ‘मग आम्ही करायचं काय’ हा प्रश्न लगेच येतो आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे.

त्याचं उत्तर असं, की चिखल हवा तर तो डोंगरातून हलवावा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात दगड काढून झालेल्या, वर्षानुवर्षं पडून असलेल्या खाणी आहेत, मालकीची पडीक रानं आहेत. तिथे पावसात चढ, उतार, पाणी आणि गाळ सगळं मिळतं, आणि आसपास भेकाचं बाळंतघर नाही हे आधी तपासून घेता येतं. इगतपुरीजवळ महिंद्राने चालक घडवण्यासाठी असंच ठरलेल्या जागेतलं मैदान उभारलं. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेची भारतीय फेरी २०१४ पासून गोव्यात ऐन पावसात भरू लागली, तीही आखून दिलेल्या टप्प्यांवर. कसब दाखवायला सडा लागत नाही.

सड्यावरच्या आणि राखीव वनातल्या वाटा पहिल्या पावसापासून माती वाळेपर्यंत बंद ठेवाव्यात, सगळ्यांनाच, क्लबालाही. दिवाळीनंतर वनखात्याने ठरवलेल्या थोड्या वाटा परवान्यावर, गाड्यांची संख्या ठरवून उघडाव्यात. पैसे गावाला जावेत. हे कागदी स्वप्न नाही, कासला नक्कल करण्याजोगी व्यवस्था आहे. तिथे गाड्या पठारापासून लांब थांबतात, रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा आहे आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती शुल्क गोळा करते. फुलं बघायला आलेल्या माणसाला जो नियम लागतो, तो पावणेदोन टन घेऊन आलेल्याला का लागू नये?

वनखात्यालाही यात फायदा आहे, आणि तो महसुलापेक्षा मोठा आहे. २०१८ च्या केरळच्या महापुरात उंच केलेल्या जीपा घेऊन तिथले ऑफ-रोडवाले पाण्यात उतरले आणि माणसं बाहेर काढली. सह्याद्रीत पुरापेक्षा नेमाने येणारं संकट वणव्याचं. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ आगीचा मानला जातो, जाळरेषा काढाव्या लागतात, माणसं आणि पाणी डोंगरावर पोचवावं लागतं. तेव्हा जमीन कोरडी असते, चाकाने माती फाटत नाही आणि रुतलेली गाडी काढता येणाऱ्या माणसांची खरी गरज असते. जो क्लब मार्च-एप्रिलमध्ये चार रविवार वनखात्याच्या हाताखाली काम करेल, त्याला दिवाळीनंतरच्या परवान्यात पहिला हक्क द्यावा. काही क्लब आजही झाडं लावतात, प्लास्टिक गोळा करतात. तो उत्साह चांगला, पण डोंगराला झाडाच्या रोपाबरोबरच्या फोटोपेक्षा एप्रिलच्या दुपारी पाण्याचे कॅन वर नेणारा माणूस जास्त कामाचा.

क्लबांकडून यावर पैशाची तक्रार येईल. परवाना, गावची पावती, वर जाण्याआधी आणि खाली आल्यावर चाकं धुण्याचा खर्च. पण विंच, स्नॉर्केल आणि चार जाड टायरांवर खर्च करताना ज्याने किंमत विचारली नाही, त्याने गावच्या समितीच्या शे-दोनशे रुपयांवर हुज्जत घालू नये. चाकं धुवायची सोय तर गावातल्याच एखाद्या पोराने मोटर, पाइप आणि गाळ अडवणारा खड्डा करून पहिल्या हंगामातच उभी करेल, फक्त ताफा कोणत्या वाटेने आणि कोणत्या रविवारी येणार हे त्याला आधी कळायला हवं. आज ते वनखात्याला, ग्रामपंचायतीला आणि त्या पोरालाही ताफा येऊन गेल्यावरच कळतं.